खाडीचे रक्षण आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य

ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे खाडीच्या आश्रयाने वाढली. उल्हास नदीच्या व ठाण्याच्या खाडीकाठी तिवर आणि चिप्पी यांची झाडी आहे. तिच्या मुळांशी कोळंबी, चिंबोरी व बोईट यांची पिल्ले वाढतात. भरतीची लाट तिच्यावर मोडते, म्हणून खारबंदिस्तीचे बांध टिकतात. या झाडीचा संबंध कोळ्याच्या जाळ्याइतकाच शेतकऱ्याच्या भाताशीही आहे.

तिच्या रक्षणाचे काम अनेक खात्यांत वाटलेले आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, व २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ते वनविभागाकडे आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने लक्ष ठेवावयाचे, व शासकीय योजनांतील बांध खारभूमी खात्याने राखावयाचे. परंतु शहराचा मैला व कचरा ही जबाबदारी महानगरपालिकेचीच होय. वनविभागाच्या कुंपणाने घाण पाणी अडत नाही. राडारोड्याच्या भरावाने भरतीचे पाणी तुटले, म्हणजे कुऱ्हाड न लावताही झाडी मरते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या माहितीवरून जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही वही कचेरीत बसून लिहिल्यास तिचा उपयोग नाही. जुनी भातवाणे, मासळीच्या विणीचा काळ व पाण्याच्या वाटा शेतकरी, कोळी व आदिवासी यांनाच ठाऊक असतात.

शेतकऱ्यांची एक भीतीही रास्त आहे. बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की तेथे तिवर उगवतो. आणि २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली असल्याने ती जमीन पुन्हा कसणे दुरापास्त होते. यावर उपाय कुऱ्हाड नव्हे. बांधाची वेळेवर दुरुस्ती हाच होय. बांध शाबूत असेल तर आत भात व बाहेर तिवर, दोन्ही नांदतात.

तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी बांध व उघाड्या शेतकऱ्यांसह पाहाव्यात, गळती आढळल्यास संबंधित खात्यास लेखी कळवावे व त्याची प्रत स्थानिक समितीस द्यावी. समितीने पाठपुरावा केला, तरच अनेक खात्यांत विभागलेली ही जबाबदारी एका जागी येईल.