फोन बिघडला नाही, ताई!

‘आमच्या हाताला यशच नाही बघा. आम्ही हात लावला की फोन बिघडतो!’ बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. शिलाई मशीन, मिक्सर, गटाच्या पापडाचं यंत्र... सगळं सहज चालवणाऱ्या बायका मोबाइलपुढे मात्र स्वतःला अडाणी ठरवून मोकळ्या होतात. मला हे अजिबात पटत नाही.

साधं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. फोनच्या स्क्रीनवर आपण जे जे करतो त्याचा व्हिडिओ तयार करणं, एवढाच त्याचा अर्थ. अँड्रॉइड फोनमध्ये 2020 पासून, तर आयफोनमध्ये 2017 पासून ही सोय फोनमध्येच मिळू लागली. तिचं मोल काय? सप्टेंबर 2025 मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सुरू झालं, ते आठवा. आधी स्वतःचा आधार क्रमांक आणि ओटीपी, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि पुन्हा ओटीपी! महिन्याच्या दीड हजारांचा प्रश्न. गटातल्या एकीला जमलं की तिने तेच दहा जणींना फोनवर, नळावर, एसटी स्टँडवर समजावत बसायचं. त्यापेक्षा कुठे काय दाबायचं याचा तीन मिनिटांचा मराठी व्हिडिओ तिने पाठवला तर? आपल्या भागात रेंजचा भरवसा नाही. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर कितीतरी दिवस वीजही नव्हती. अशा वेळी थेट ऑनलाइन तास बुडतो, पण रेकॉर्ड केलेला धडा रेंज आली की उतरवून घेता येतो.

पण पहिलंच रेकॉर्डिंग फसतं आणि बायका हात टेकतात. खरं तर बिघाड मोजकेच असतात, आणि बहुतेक वेळा तो बिघाड नसतोच.

बटणच सापडत नाही? स्क्रीन वरून खाली दोनदा ओढा. तिथल्या चौकोनांत ‘स्क्रीन रेकॉर्ड’ नसेल तर पेन्सिलची खूण दाबून तो चौकोन वर आणून ठेवा.

आवाज आला नाही? सुरू करण्यापूर्वी फोन विचारतो, आवाज मायक्रोफोनचा हवा, फोनमधला हवा की दोन्ही? आपण बोलून समजावणार असू तर मायक्रोफोन निवडायचा. आयफोनमध्ये रेकॉर्डिंगचं गोल बटण दाबून धरलं की मायक्रोफोन चालू करता येतो. घाईघाईत आपण हा प्रश्न न वाचताच पुढे जातो, आणि मग मुका व्हिडिओ हाती येतो!

मध्येच बंद पडलं? बहुधा फोनमध्ये जागा उरलेली नसते. ‘सुप्रभात’चे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ आधी काढून टाका. बॅटरी सेव्हर बंद ठेवा आणि स्क्रीन विझू देऊ नका. मध्येच कुणाचे मेसेज झळकू नयेत म्हणून ‘व्यत्यय आणू नका’ चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर अक्षरं पुसट दिसली, तर तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि सगळ्यात घाबरवणारी गोष्ट म्हणजे काळी स्क्रीन! बँकेचं किंवा पैसे पाठवण्याचं अ‍ॅप उघडलं की रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळोख येतो. बायांनो, ही तर राखण आहे. आपला पिन कुणी टिपू नये म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्यांनीच तिथे कडी घातलेली असते. ती काढायच्या भानगडीत पडू नका. तसं करून देणारं भलतंच अ‍ॅप तर मुळीच घेऊ नका.

कॉलचंही तसंच. बहुतेक फोनमध्ये कॉल चालू असताना रेकॉर्डिंगला समोरच्याचा आवाज मिळत नाही. खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर धमकावू लागला, तर ‘पुरावा करते’ म्हणून त्याला लांबवू नका. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कारवाई आपल्या कायद्यात नाहीच. कॉल कापा, नंबर आणि वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

एक फरक मात्र मनावर कोरून ठेवा. रेकॉर्डिंग आपल्या फोनमध्ये राहतं. ‘स्क्रीन शेअर करा’ असं कुणी सांगतो, तेव्हा आपली स्क्रीन त्याच्या डोळ्यांसमोर जाते, ओटीपीसकट! दुरून फोनचा ताबा देणाऱ्या अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच सावध केलं होतं. आपण व्हिडिओ करतानाही आधार क्रमांक आणि ओटीपीच्या जागी थांबायचं. ते तोंडी सांगायचं, स्क्रीनवर टिपायचं नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला शिकायचं? मुलगा आहे, नाही तर बाजारातला दुकानदार आहेच की! आहे ना. पण फोन त्याच्या हाती दिला की फोटो, मेसेज, बँक सगळंच त्याच्या हाती गेलं. एका ताईने आवाज येत नाही म्हणून फोन दुकानात दिला. त्याने पैसे घेतले आणि सेटिंगमधलं एक बटण दाबून परत दिला. पैसे थोडेच गेले, पण ‘आपल्याला काही कळत नाही’ ही समजूत पक्की झाली. ते नुकसान मोठं!

म्हणून माझं सांगणं आहे, ‘उमेद’च्या गटांना हिशेबाची वही शिकवतात, तसा फोनचाही एक तास असावा. आपल्याच तालुक्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या मुलामुलींनी सुट्टीत गावोगावी दोन तास दिले तरी पुष्कळ होईल. शिकवताना त्यांनी एकच पथ्य पाळावं, फोन बाईच्याच हातात राहू द्यावा. बोट तिचं, सांगणं यांचं.

तोवर या आठवड्यात एवढं करा. फोनची भाषा मराठी करा आणि एका मिनिटाचं रेकॉर्डिंग करून पाहा. लाइट बिल भरायचं पान कसं उघडायचं, एवढंच दाखवा. बिघडलं तर पुसून टाका, पुन्हा करा. त्याला ना तेल लागतं ना पीठ, वाया काहीच जात नाही. जमलं की शेजारणीला पाठवा, आणि तिला पुढचं करायला सांगा.