‘हबशन’ ही शिवी कधीपासून झाली?

मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात एक मुलगी डोकं बाकावर टेकवून बसलेली दिसली. विचारलं तर बोलेना. शेजारचीने सांगितलं, “मॅडम, सब उसको हबशन बोलते.” वर्गात खसखस पिकली. चिडवणारी मुलं वाईट नाहीत. त्यांनी हा शब्द घरात, लग्नात, बायकांच्या गप्पांत ऐकलेला आहे. मी विचारलं, “हबशन म्हणजे काय?” उत्तर आलं, “काली.”

हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आजूबाजूचा प्रदेश. हबशी म्हणजे तिथला माणूस. शब्दात अपमान काहीच नाही. तो आपण घातला.

तोही कुठे, तर अचलपुरात! हे शहर इमादशाहीची राजधानी होतं. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकलं आणि इमादशाही संपली. त्या वेळी निजामशहाचा पेशवा होता चंगीझखान. हा मंगोल चंगीझखान नव्हे. हा हबशी होता, एकेकाळचा गुलाम. ज्या नरनाळ्याला आणि गाविलगडाला आपण सहली नेतो, ते किल्ले याच मोहिमेत निजामशाहीकडे गेले. याच चंगीझखानाने विकत घेतलेला एक तरुण पुढे मलिक अंबर झाला. मूळ नाव चापू. लहानपणी विकला गेला, मोखा, बगदाद असे बाजार पाहत दख्खनला पोहोचला. त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे नहर आणली, जमीनमहसुलाची घडी बसवली, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. शहाजीराजे त्याच्या सोबत लढले. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

एवढं आम्ही शिकवतो. पण त्या दिवशी बाकावर डोकं टेकवून बसली होती ती मुलगी होती. तिला मी तलवारी आणि किल्ले सांगून काय देणार होते? या इतिहासात बाई शोधायला गेलं की हाताला फारसं लागत नाही. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबरला गुलामीतून मोकळं केलं ते त्याच्या विधवेने. एवढी मोठी गोष्ट, पण आपण तिला ओळखतो ती ‘चंगीझखानाची विधवा’ म्हणूनच. अंबरची बीबी करीमा खुलताबादला त्याच्या जवळच दफन आहे. तिथे जाणारे किती जण तिच्या कबरीपाशी थांबतात?

म्हणून मी वर्गाला आणखी मागे नेलं, मक्केत. बरकत नावाची एक तरुण हबशी मुलगी होती. प्रेषितांचे वडील हजरत अब्दुल्लाह यांच्या घरातली दासी. ते वारले, बाळ जन्मलं, आणि या मुलीने ते सांभाळलं. प्रेषित (स.) सहा वर्षांचे असताना मदिनेहून परतताना अबवा इथे त्यांच्या आईचा, हजरत आमिना यांचा इंतकाल झाला. घडीभर तिच्या जागी उभं राहून पाहा. मुलूख परका, रस्ता वाळवंटाचा, मालकिणीला नुकतंच मातीत ठेवलेलं, आणि सोबत एक पोरकं मूल. तिने ते मूल मक्केला, आजोबांपर्यंत आणून पोहोचवलं. हीच उम्मे ऐमन. पुढे प्रेषितांनी तिला गुलामीतून मुक्त केलं आणि आईनंतरची आई म्हणून तिचा मान राखला. उहुदच्या रणात ती जखमींना पाणी पाजत होती. तिचा मुलगा उसामा विशीच्या आतबाहेरच फौजेचा सरदार झाला. वयाने मोठ्या सहाबींना त्याच्या हाताखाली जावं लागलं.

आता आपल्याकडे पाहू. जुम्याच्या बयानात हजरत बिलाल यांचं नाव निघालं की आपले डोळे भरून येतात. अखेरच्या हजच्या प्रवचनात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असं सांगितलं गेलं, हे आपण इतरांना अभिमानाने ऐकवतो. आणि त्याच संध्याकाळी मुलासाठी ‘साफ रंगाची’ मुलगी शोधायला निघतो. मुलीचा फोटो आधी उजळ करून घेतो, मग पाठवतो. बिलाल यांच्या अजानीवर प्रेम करायचं आणि त्यांच्या रंगाची सून नको म्हणायचं, याला ईमान म्हणत नाहीत, सोय म्हणतात. मी स्वतःला यातून वगळत नाही. माझ्या घरातही बाळंतिणीला मुलगा की मुलगी याच्या पाठोपाठ विचारलं जातं, “रंग किसपे गया?”

कुणी म्हणेल, हा फक्त मुसलमानांचा रोग आहे का? नाही. गोरेपणाचं वेड साऱ्या समाजाला आहे. पण आपल्याजवळ त्यावरचं औषध चौदाशे वर्षांपासून आहे आणि आपण ते फडक्यात गुंडाळून वर ठेवलं आहे. म्हणून आपला दोष जास्त.

हबशी वंशाची माणसं आजही आपल्या आसपास आहेत. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला पुस्तकातून माहीत असतात. गुजरातेत गीरजवळच्या जांबूर गावच्या सिद्दी समाजातल्या हीराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बायकांना बचतीला लावणं, लेकरांसाठी बालवाड्या काढणं, हे त्यांचं काम. त्या राष्ट्रपती भवनात उभ्या होत्या तो फोटो मी वर्गात दाखवला. एका मुलाने विचारलं, “ये अपने इंडिया के हैं?” हो बेटा, आपल्याच. शेकडो वर्षांपासून.

माझं मागणं फार मोठं नाही. दीनियातच्या तासाला बिलाल यांच्याबरोबर उम्मे ऐमन यांचंही नाव यावं. खुलताबादच्या सहलीत बीबी करीमाच्या कबरीपाशीही पाच मिनिटं थांबावं. आणि घरात कुणी ‘हबशन’ म्हणून हसलं, तर मोठ्यांनी तिथल्या तिथे टोकावं. मूल शब्द शाळेत आणतं, पण उचलतं घरातूनच.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मला विचारलं, “मॅडम, उम्मे ऐमन मेरे जैसी दिखती होंगी?” मी म्हटलं, त्यांचा चेहरा कसा होता हे मला ठाऊक नाही, पण रंगाने त्या काळ्याच होत्या. ती हसली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.