‘नको’ कोणी म्हणायचं?

माझी आत्या साताऱ्याला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, वय 76, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. गेल्या वर्षी तिच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण राहून गेलं. वरचे सवलतीचे 30 दिवसही निघून गेले आणि पॉलिसी तुटली. नवी घ्यायची तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचा. कंपनी म्हणाली, आम्ही ईमेल पाठवला होता. ते खरंच होतं. मी आत्याशेजारी बसून तिचा सगळा इनबॉक्स उपसला. त्या एका महिन्यात त्या कंपनीचे, एकाच पत्त्यावरून आलेले 23 मेल निघाले. 22 जाहिराती होत्या आणि त्यांच्यात कुठेतरी ती एक सूचना. आत्याने ती उघडलीच नव्हती. हे नाव दिसलं की पुढे जायचं, हे त्या जाहिरातींनीच तिच्या अंगवळणी पाडलं होतं.

हा प्रसंग सांगितला की बहुतेक जण आत्यालाच चार सल्ले देतात. ते सल्ले इतके रुळले आहेत की त्यांच्या आत काय गृहीत धरलेलं आहे, हे कोणी तपासत नाही. म्हणून एकेक तपासतो.

पहिला सल्ला: त्यात काय एवढं, डिलीट करून टाकायचं. हे म्हणणारा एका मेलचा हिशेब करतो, पाठवणारा मात्र लाखांचा करतो. पूर्वी छापील जाहिरात पाठवायची तर कागद, छपाई आणि तिकीट हा खर्च पाठवणाऱ्याच्या खिशातून जायचा, म्हणून तो कोणाला पाठवायचं याचा विचार करायचा. ईमेलमध्ये तो खर्च जवळजवळ संपला. उरला तो वाचणाऱ्याचा वेळ आणि लक्ष, आणि ते त्याला विचारून घेतलं जात नाही. ही अडचण इंटरनेटइतकीच जुनी आहे. नोव्हेंबर 1975 मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी ‘आरएफसी 706’ या छोट्या टिपणात ती मांडली होती: इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या एखाद्या संगणकाला ठरावीक ठिकाणाहून येणारे संदेश निवडून नाकारता येतील अशी सोयच नाही, आणि ती हवी. तेव्हा जाहिरातीचे मेल सुरूही झाले नव्हते. ते 3 मे 1978 रोजी आले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण सुमारे 400 जणांना एकदम धाडलं आणि त्याच वेळी तक्रारीही आल्या. म्हणजे नाकारण्याची सोय घेणाऱ्याकडे असावी, हा विचार जाहिरातींच्या आधीचा आहे. डिलीट करणं हे नाकारणं नव्हे. उद्या सकाळी तोच पाठवणारा पुन्हा दारात उभा असतो.

दुसरा सल्ला जास्त घातक आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे: अनसब्स्क्राइबवर कधीही क्लिक करू नका, पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. अनोळखी, लबाड मेलच्या बाबतीत हे बरोबरच आहे. लॉटरी लागली, पार्सल अडकलं, केवायसी संपली अशा मेलमधला कुठलाच दुवा उघडू नये, अनसब्स्क्राइबचाही नाही. तो मेल स्पॅम म्हणून नोंदवावा आणि विषय संपवावा. पण ज्या दुकानातून आपण खरेदी केली, ज्या बँकेत आपलं खातं आहे, त्यांना आपला पत्ता चालू आहे हे आधीच माहीत असतं. बहुतेक जाहिरातींच्या मेलमध्ये ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र असतं. मेल उघडून चित्रं आली की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि मेल उघडल्याची नोंद होते. मग लपवायचं काय राहिलं? चोराच्या भीतीने ओळखीच्या दुकानदारालाही ‘नको’ म्हणायचं नाही, असा या सल्ल्याचा परिणाम होतो, आणि तो दुकानदाराच्या सोयीचा आहे.

फिल्टर सगळं बघून घेईल, हा तिसरा सल्ला. फिल्टर हवाच, त्याच्याशिवाय ईमेल आज वापरताच येणार नाही. पण जाहिराती आणि नूतनीकरणाची सूचना एकाच पत्त्यावरून येतात तिथे फिल्टरने काय निवडायचं? वैतागून आत्याने त्या कंपनीला स्पॅममध्ये टाकलं असतं, तर सूचनाही तिथेच गेली असती.

आता चौथं म्हणणं, कंपन्यांचं सगळ्यात आवडतं: तुम्हीच तर परवानगी दिली होती. दिली होती का? आत्याने विम्याच्या अर्जावर ईमेल लिहिला तो विम्यासाठी. प्रवास विमा, मित्राला सुचवा, वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत नवी योजना हे तिने मागितलं नव्हतं. एका कामासाठी दिलेला होकार दुसऱ्या कामाला चालत नाही, हे आता आपल्या कायद्यातही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 याचं सहावं कलम सांगतं की संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती हवी. कायद्यात उदाहरणही दिलं आहे: घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणारं अॅप आपल्या फोनमधली संपर्कयादी मागतं, आपण हो म्हणतो, तरी तो होकार संपर्कयादीला लागू धरला जाणार नाही, कारण सल्ला द्यायला ती लागत नाही. त्याच कलमात मला सगळ्यात मोलाचं वाटणारं वाक्य आहे. संमती कधीही मागे घेता आली पाहिजे, आणि ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

हे वाक्य हातात धरून कुठलाही इनबॉक्स तपासावा. होकार देताना एक खूण करायची होती, कधी तर ती आधीच केलेली होती. नकार देताना मेलच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरं शोधायची, दुवा उघडायचा, पासवर्ड टाकून आत शिरायचं, कोणत्या प्रकारचे मेल नकोत ते एकेक काढायचं, कारण सांगायचं, आणि मग वाट बघायची. अपघाताने कोणाचं नाव निघू नये म्हणून एवढे टप्पे लागतात, असं समर्थन मी ऐकलं आहे. त्याला एके काळी आधार होता. मेल तपासणारी सुरक्षा सॉफ्टवेअर आतला प्रत्येक दुवा आपोआप उघडून बघतात, त्यामुळे वाचणाऱ्याने काही न करताच नाव निघून जाऊ शकत असे. पण ही अडचण जानेवारी 2017 मध्ये ‘आरएफसी 8058’ या तांत्रिक मानकाने सोडवली: मेलच्या शीर्षनोंदींत अशी खूण ठेवायची की आपोआप दुवा उघडल्याने काही होणार नाही, पण माणसाने मेल अॅपमधलं बटण दाबलं की एका झटक्यात नाव निघेल. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारा अनसब्स्क्राइबचा पर्याय बऱ्याचदा यावरच चालतो. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात जाहिराती पाठवणाऱ्यांना ही सोय सक्तीची करायला सुरुवात केली, आणि विनंती 2 दिवसांत पाळायला सांगितली. तंत्र आहे आणि ते चालतं. जिथे ते नाही, तिथे ते ठेवायचं नाही असं कोणीतरी ठरवलेलं आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मी हलक्यात घेत नाही. कायदा आणला तर बोलण्याच्या स्वातंत्र्यावर आणि छोट्या व्यापाऱ्याच्या पोटावर येईल, असं म्हणतात. आपल्याकडे ईमेलचा त्रास थेट नाव घेऊन सांगणारं एक कलम होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ. त्रास किंवा गैरसोय व्हावी या हेतूने पाठवलेला ईमेल त्यात गुन्हा होता, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. त्या कलमाचं काय झालं, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईच्या बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी ते कलम संपूर्ण रद्द केलं. योग्यच केलं. त्रास म्हणजे काय हे पोलिसांनी ठरवायचं, असा तो कायदा होता.

पण त्यावरून नको असलेल्या मेलवर कायदाच नको, असा निष्कर्ष काढणं चूक आहे. अमेरिकेत 1970 मध्ये रोवन खटल्यात नेमका हाच प्रश्न टपालाबाबत आला. तिथल्या 1967च्या कायद्यानुसार एखादी जाहिरात आपल्या मते कामोत्तेजक आहे, एवढं घरमालकाने कळवलं की पोस्टखातं पाठवणाऱ्याला ते नाव यादीतून काढायला लावी. खरंच तशी आहे का, हे घरमालकाशिवाय कोणी ठरवायचं नाही. टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं नाव घेऊन न्यायालयात गेल्या आणि हरल्या. ऐकायला तयार नसलेल्या माणसाच्या घरात आपलं म्हणणं घुसवण्याचा हक्क कोणालाच नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की माझं म्हणणं पुरतं उभं राहतं. 66अमध्ये ‘नको’ म्हणण्याचा अधिकार सरकारकडे होता, म्हणून तो जुलूम झाला. रोवनमध्ये तो पत्र घेणाऱ्याकडे होता, म्हणून कोणाचंही तोंड बंद झालं नाही. विक्रेत्याने हव्या त्याला हवं ते सांगावं, पण मी नको म्हटल्यावर मला सांगू नये. यात अटक नाही, मजकुराची तपासणी नाही. छोट्या व्यापाऱ्याचंही नुकसान नाही. ज्याला त्याचा माल नको आहे, त्याला रोज मेल पाठवून त्याच्या हाती वैतागच येतो.

अमेरिकेचा 2003चा स्पॅमविरोधी कायदा नकाराची विनंती 10 कामकाजाच्या दिवसांत पाळायला लावतो, ऑस्ट्रेलियाचा 5 कामकाजाच्या दिवसांत. अमेरिकेत 2008 पासून आणखी एक नियम आहे: नाव काढायला ईमेल पत्त्यापलीकडे माहिती मागायची नाही, आणि एक उत्तर पाठवणं किंवा एका पानावर जाणं यापेक्षा जास्त काही करायला लावायचं नाही. म्हणजे पासवर्ड बाद. आपल्याकडे नको असलेले कॉल आणि संदेश थांबवायला 1909 हा क्रमांक आहे, दूरसंचार नियामक ट्रायची 2018ची नियमावली आहे, पण ती फोन आणि एसएमएसपुरती. ईमेलसाठी असं काही नाही. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत दिली आहे. या मुदतीत दोन गोष्टी मागून घ्याव्यात असं मला वाटतं. बँक, विमा, वीज, रुग्णालय यांच्या कामाच्या सूचना आणि जाहिराती कधीही एकाच पत्त्यावरून जाऊ नयेत. आणि संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय कायद्याने दिलीच आहे, तर नकाराचं बटणही मराठीत असावं. ‘अनसब्स्क्राइब’ हा शब्द काय सांगतो, हे चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेल्या माझ्या आत्याला मला समजावून सांगावं लागलं.

त्या दुपारी आम्ही 61 ठिकाणांहून तिचं नाव काढलं. मी बटण दाखवायचो, दाबायची तीच. 9 ठिकाणी पासवर्ड मागितला, त्यांचे मेल स्पॅममध्ये गेले. चौथ्या-पाचव्या मेलनंतर ती मला थांबवून स्वतः वाचू लागली. हे राहू दे, हे नको, ग्रंथालयाचं राहू दे. विमा कंपनीला तिने कागदावर पत्र लिहिलं: सूचना एका पत्त्यावरून पाठवा, जाहिराती मला नकोत. ते स्पीड पोस्टाने गेलं. पोच मिळाली आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत.