बालसंगोपन : सुखाचें माप

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. त्यांच्या पांच वर्षांच्या नातवास दम्याचा विकार आहे. प्रकृतीची चौकशी करतांच आजोबा म्हणाले, "उत्तम आहे. दोन महिन्यांत डॉक्टरांची पायरी चढावी लागली नाहीं. इन्हेलरहि आम्हीं बंद केला; उगाच संवय नको." आजी हळूच म्हणाल्या, "रात्रीं खोकत उठतो मात्र." आणि ज्याच्याविषयीं हें बोलणें चाललें होतें तो मुलगा ओटीवर बसून इतर मुलांचा लपंडाव नुसता पाहत होता.

एकाच मुलाविषयीं एकाच घरांत दोन उत्तरें. आणि मुलास तर कोणीं विचारलेंच नव्हतें!

फुप्फुसांची शक्ति मोजण्याचें यंत्र आहे. परंतु पांच वर्षांखालील मुलाकडून तें नीट फुंकवून घेणें कठीण. शिवाय मोडलेली झोप व सुटलेला खेळ त्या यंत्रास दिसत नाहींत. म्हणून कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांत एलिझाबेथ ज्युनिपर व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीं २३ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. १० प्रश्न लक्षणांचे, ५ खेळण्या-बागडण्यांतील अडचणींचे, आणि ८ मनाचे : भीति, चीड, आपण इतरांहून निराळे आहों ही खंत. उत्तरास १ ते ७ गुण. ७ म्हणजे मुळींच त्रास नाहीं. सरासरींत अर्ध्या गुणाचा फरक पडला तरी तो महत्त्वाचा मानतात. आईबापांसाठीं १३ प्रश्नांची निराळी प्रश्नावली आहे. कारण आईची काळजी व मुलाचा त्रास हीं दोन मापें एकांत मिसळून चालत नाहीं.

त्याहून लहानांचें काय? ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठीं २००७ सालीं एक चाचणी पुढें आली. ती मुख्यतः दमा आटोक्यांत आहे कीं नाहीं हें पाहते. तींतील ७ प्रश्नांपैकीं ४ मुलास विचारावयाचे. त्यानें रडक्यापासून हंसऱ्यापर्यंतच्या चार चेहऱ्यांपैकीं एकावर बोट ठेवावयाचें. उरलेले ३ आईबापांस. एकूण गुण २७. १९ किंवा त्याहून कमी आल्यास दमा आटोक्यांत नाहीं असें समजावें.

आम्हीं त्या मुलास कागदावर तसे चार चेहरे काढून दिले व विचारलें, "धांवतांना तुला कसें वाटतें?" त्यानें लागलीच रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलें. आजोबा कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्याच दिवशीं ते नातवास घेऊन डॉक्टरांकडे गेले.

ज्या घरीं असें मूल असेल तेथें एवढें अवश्य करावें. भिंतीवरील दिनदर्शिकेंत, मूल रात्रीं खोकत उठलें कीं एक खूण आणि खेळ सोडून बसलें कीं दुसरी खूण करावी. रात्रीची खूण, मूल ज्याच्या कुशींत निजतें त्यानेंच करावी. चार आठवड्यांनीं तें पान डॉक्टरांस दाखवावें. रोजचें औषध वाढवावयाचें कीं कमी करावयाचें, हें त्यांनीं ठरवावें. घरच्यांनीं परस्पर बंद करूं नये. दम्याच्या इन्हेलरमधील रोजच्या प्रतिबंधक औषधाचें व्यसन लागत नाहीं.

आणि वडील मंडळींनीं उत्तर देण्यापूर्वीं, प्रथम मुलास विचारावें.