राष्ट्रे सही का करतात?

आपल्या भागातला ऊसकरी सहकारी साखर कारखान्याचा शेअर घेतो, तो सहकाराच्या तत्त्वज्ञानावरचे व्याख्यान ऐकून नव्हे. सभासद झाले की उसाची तोड वेळेवर मिळण्याची आशा असते, दिवाळीला सवलतीची साखर मिळते. बिगरसभासदाला मात्र चिटबॉयच्या मागे फिरावे लागते. त्या शेतकऱ्याला कुणी मतलबी म्हणत नाही. पण हाच हिशेब एखादे राष्ट्र हवामानविषयक कराराच्या वेळी करू लागले, की आपली सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. ‘भारताने पैशाची अट घालणे म्हणजे जगापुढे झोळी पसरणे’ हे विधान वक्तृत्व स्पर्धांतून मी अनेकदा ऐकले आहे, त्याला टाळ्या पडतानाही पाहिल्या आहेत. मला ते साफ अमान्य आहे.

मुळात अडचण अशी की, धूर कमी करण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा आणि लाभ मात्र साऱ्या जगाने वाटून घ्यायचा. तेव्हा शेजाऱ्याने करावे, आपण बघावे, असे प्रत्येकाला वाटले तर नवल नाही. केवळ सद्भावनेने हा पेच सुटत नाही. पण तो एकदा सुटला आहे, आणि कसा सुटला हे पाहण्याजोगे आहे.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी करार झाला. फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रांत वापरला जाणारा क्लोरोफ्लुरोकार्बन बंद करणे हा त्याचा हेतू. (हा वायू उष्णताही कार्बन डाय ऑक्साईडच्या हजारो पट धरून ठेवतो, म्हणून हा करार हवामानाचाही मानावयास हरकत नाही.) करारातील एक कलम मोठे मार्मिक होते: जो देश बाहेर राहील त्याच्याशी या पदार्थांचा व्यापार करावयाचा नाही. बाहेर राहण्याला अशी किंमत लागली. तरीही भारत आणि चीन आत आले नाहीत. त्यांचे म्हणणे सरळ होते. ओझोनचे नुकसान बव्हंशी श्रीमंत देशांनी केले, आमचा दरडोई वापर नगण्य, आणि पर्यायी रसायनांची पेटंटे पाश्चात्त्य कंपन्यांच्या तिजोरीत. मग कारखाने बदलण्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा?

१९९० च्या जूनमध्ये लंडनला बैठक भरली. त्या वेळच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी भारताची बाजू तेथे मांडली. अखेर श्रीमंत देशांनी निधी उभारण्याचे मान्य केले. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन सामील झाल्यास आणखी ८ कोटी! सामील होण्याची किंमत इतक्या उघडपणे कागदावर लिहिली गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. १९९१ मध्ये चीन आणि १९९२ मध्ये भारत आत आला. भारताने हा वायू तयार करणे २००८ मध्येच, म्हणजे मुदतीच्या आधी, थांबवले. २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाचे सर्व सदस्य या करारात आले होते. ही झोळी म्हणायची काय? श्रावणी सोमवारच्या कहाणीत घरची मुलेवासरे उपाशी ठेवून आणलेल्या दुधाने गाभारा भरला नाही, तो त्यांना आधी पाजून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधाने भरला. लंडनला आपण एवढेच सांगत होतो.

क्योटोचा करार (१९९७) मात्र लंगडा निघाला. अमेरिकन सिनेटने तो होण्याआधीच ९५ विरुद्ध ० मतांनी आपला विरोध नोंदवला होता. २००१ मध्ये अमेरिका दूर झाल्यावर तो अमलात येणे रशियावर अवलंबून राहिले. सोव्हिएत उद्योग कोसळल्यामुळे रशियाचा धूर आपोआप घटलेला. त्याला कपात करावयाची नव्हती, उलट उरलेला वाटा विकता येणार होता. शिवाय २००४ च्या मे महिन्यात युरोपने जागतिक व्यापार संघटनेतील त्याच्या प्रवेशाला संमती दिली, आणि त्याच वर्षी रशियाने क्योटोला मान्यता दिली. आत येण्याचे आमिष होते, पण बाहेर जाण्याला दंड नव्हता. २०११ मध्ये कॅनडाने अंग काढून घेतले, त्याचे काहीच बिघडले नाही.

आमिष कसेही टांगून चालत नाही, हेही क्योटोनेच दाखवले. शीतकरणाच्या एका वायूच्या उत्पादनात निघणारा एचएफसी-२३ हा उपद्रवी वायू जाळला की भारत आणि चीनमधल्या कारखान्यांना विक्रीयोग्य श्रेयांक मिळत. जाळणे स्वस्त आणि श्रेयांक महाग! तेव्हा जाळण्यासाठीच अधिक उत्पादन होते, असा आरोप झाला. २०१३ पासून युरोपने ते श्रेयांक घेणे बंद केले.

पॅरिस कराराला (२०१५) भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधी जयंतीचा मुहूर्त साधून, मान्यता दिली. पण येथे प्रत्येकाने आपले उद्दिष्ट आपणच लिहावयाचे, आणि ते चुकले तरी विचारणारे कुणी नाही. अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेरची वाट धरली. इतके आवकजावक तर आमच्या वसतिगृहाच्या दारातही चालत नाही.

यावर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे विल्यम नॉर्डहाउस यांनी २०१५ मध्ये ‘क्लब’ची कल्पना मांडली: जे देश धुराला किंमत लावतील त्यांनी बाहेरच्यांच्या मालावर जकात बसवावी. युरोपने २०२६ पासून लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयात मालावर कार्बनची आकारणी लागू केली आहे, ती याच वळणाची. भारत तिला विरोध करतो. माझ्या मते विरोध त्या आकारणीला नसावा, तिच्या अर्धवटपणाला असावा. माँट्रियलमधली काठी युरोपने उचलली, लंडनमधली थैली घरीच ठेवली. वसूल होणारा पैसा युरोपातच राहावयाचा आहे. तो गरीब देशांतील भट्ट्या सुधारण्यासाठी परत आला, तर आपल्या पोलादवाल्यांची तक्रार निम्म्याने कमी होईल.

हे अशक्य नाही. माँट्रियल करारालाच २०१६ मध्ये किगाली येथे दुरुस्ती जोडली गेली, ती तापमान वाढवणाऱ्या एचएफसी वायूंसाठी. निधी तोच जुना, आणि बाहेर राहणाऱ्यांशी व्यापारबंदी २०३३ पासून. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आपला वापर २०२८ मध्ये गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करावयाचा आहे. आणि क्योटोला नकार देणाऱ्या त्याच अमेरिकन सिनेटने २०२२ च्या सप्टेंबरात ती ६९ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केली. नव्या शीतक वायूंचे अमेरिकन कारखानदार तिच्या बाजूने उभे होते.