शर्यतीला रस्ता नव्हे, मैदान हवे

पोळ्याच्या निमित्ताने पांढुर्ण्यास आप्तांकडे जाण्याचा योग आला. २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले; तथापि मध्यप्रदेशाच्या या कोपऱ्यातील घरोघरची बोली अद्याप मराठीच आहे. संध्याकाळी ओट्यावर बसलो असता हमरस्त्याकडून मोटारसायकलींचा कर्कश आवाज आला. पाच-सहा पोरे, एकाच्याही डोक्यावर शिरस्त्राण नाही, मालमोटारींच्या मधून वाट काढीत नागपूरच्या दिशेने निघून गेली. त्यांत यजमानांचा मुलगाही होता. रात्री तो परतल्यावर आम्ही त्यास विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, शर्यत थोडीच आहे ही! नुसतं पाहून राहिलो का कोण पयले पोचते." त्याच्या आईने हातातले ताट खाली ठेवले आणि काही न बोलता ती आत गेली. आदल्याच वर्षी त्यांच्या आळीतला एक मुलगा त्याच रस्त्यावर गेला होता.

कोण पहिला पोचतो हे पाहणे, यालाच शर्यत म्हणतात. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी अशी शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढविली आहे. परंतु वेगाची हौस कलमाने मरत नाही. पांढुर्ण्याच्या लोकांस हे सांगावयास नकोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून होणारी गोटमार थांबविण्यासाठी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. गोटे काही थांबले नाहीत.

मग उपाय कोणता? या बाबतीत इंग्लंडचा दाखला बोलका आहे. तेथे १९०३ च्या कायद्याने रस्त्यावरील वेगास ताशी २० मैलांची मर्यादा घातली. मोटारसायकलस्वारांच्या संघटनेने, म्हणजे पुढे ऑटो-सायकल युनियन म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेने, कायद्याशी भांडत न बसता १९०७ साली आइल ऑफ मॅन बेटावर रहदारी बंद केलेल्या रस्त्यावर शर्यत भरविली. १९०४ साली पॅरिसमध्ये निरनिराळ्या देशांच्या अशा संघटनांचा संघ स्थापन झाला होता. त्याच्याच विद्यमाने १९४९ पासून जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती होत आहेत. राष्ट्रीय संघटनेचे खरे कार्य चषक वाटण्याचे नव्हे. शर्यत रस्त्यावरून उचलून मैदानात नेणे, स्वाराला परवाना देणे, गाडी तपासणे, रुग्णवाहिका उभी ठेवणे आणि प्रसंगी शर्यत थांबविणे, हे ते कार्य होय.

आपल्याकडे हे काम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही चेन्नईस्थित संस्था पाहते. मैदानात गेले की धोका संपतो, असे मात्र कोणी समजू नये. २०२३ च्या ऑगस्टात चेन्नईजवळच्या धावपट्टीवर राष्ट्रीय स्पर्धेतच तेरा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. त्या आठवड्यातील उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. इतक्या कोवळ्या वयात मुलांना उतरवावे काय, हा प्रश्न संघटनेला विचारलाच पाहिजे. पण तो विचारावयास तेथे कोणी जबाबदार आहे. हमरस्त्यावरील मृत्यूचा जाब कोणाला विचारावा?

शर्यतीला नियम लावणे आपणा मराठी माणसांना परके नाही. विदर्भातील शंकरपटाला आखलेली दाण असते, घड्याळ असते, पंच असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने कायदा करून त्यांना नियमांची चौकट दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. पट वाचला तो नियमांमुळे. बैलजोडीला जे मिळाले ते पोटच्या पोरांना का मिळू नये?

आमच्या इंदुराजवळ पीथमपूर येथे ११ किलोमीटरांहून लांब अशी चाचणी-धावपट्टी २०२१ साली सुरू झाली. गाड्या बनविणाऱ्यांना वेग तपासावयास जागा मिळाली. गाड्या चालविणाऱ्या पोरांना अजून नाही. पांढुर्णा-सौंसरला डांबरी धावपट्टी कोणी मागत नाही. मोटोक्रॉसला मातीचे उंचसखल मैदान पुरते. नाशिक-पुण्यास मातीवरच्या राष्ट्रीय शर्यती झालेल्या आहेत. नव्या जिल्ह्याने गावाबाहेर थोडी पडीक जमीन द्यावी, चार जाणत्यांनी क्लब काढून तो राष्ट्रीय संघटनेला जोडून घ्यावा, आणि हेल्मेटवाचून कोणास आत सोडू नये. एवढे आरंभास पुष्कळ आहे.

आणि आपण वडीलधारे? मुलगा बारावी झाला की हट्टापुढे मान तुकवून मोटारसायकल घेऊन देणारे आपणच, आणि तो घरी येईतो दाराशी जागणारेही आपणच. गाडीच्या किमतीत हेल्मेट धरावे, हा पहिला नियम घरातच लागू करता येईल. तेवढ्याने त्या माउलीचे ताट निदान हातातच राहील.