हाली का कलदार?

शनिवार सकाळ, दुसरा चहा झालाय, आणि आज कुणावर तरी चिडायचंच आहे. ज्यांच्यावर चिडायचंय त्यांत मी स्वतःही येतो, तेव्हा सांभाळून घ्या.

गोष्ट मे २०२४ ची. माझा चुलतभाऊ सिरसाळ्याला असतो. (तालुका परळी, जिल्हा बीड. पुण्यात प्रत्येकाला हे सांगावं लागतं, सवय झालीये.) त्याला एका परदेशी साइटवर ऑनलाइन परीक्षेची फी भरायची होती. शेवटची तारीख, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. फोन आला, "दादा, चार हजार सत्त्याऐंशी रुपये दाखवायलंय, खात्यात बेचाळीसशे हायेत, तरी पेमेंट फेल व्हायलंय."

मी आपला नेहमीचा इंजिनिअर. ओटीपी आला का, नेट बघ, कार्डाचा परदेशी व्यवहार चालू केलास का (२०२० पासून तो आधी बंदच असतो, आपण चालू करावा लागतो). सगळं करून झालं. तीनदा फेल. शेवटी स्क्रीनशॉट मोठा करून बघितला, तर किमतीच्या खाली फिकट करड्या अक्षरांत एक ओळ होती: किंमत अंदाजे, प्रत्यक्ष आकारणी डॉलरमध्ये.

फी होती ४९ डॉलर. साइटने ८३.४० ने गुणून ४,०८७ लिहून टाकले. कार्ड कंपनीचा दर थोडा वेगळा असतो, धरा ८३.९०. झाले ४,१११. त्यावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, १४४. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, अजून २६. एकूण ४,२८१. खात्यात ४,२००. हे गणित माझ्या डोक्यात शिरेपर्यंत बारा वाजून गेले होते आणि फॉर्म बंद. ८१ रुपयांसाठी पोराचे सहा महिने गेले. तो काही बोलला नाही, "राहू दे दादा, पुढच्या खेपेला भरू" एवढंच.

आता खरी लाज. असलाच कोड मी स्वतः लिहिलाय.

फार सोपं असतं हो ते. आयपी अ‍ॅड्रेसवरून देश ओळखायचा, दिवसातून एकदा दरांचं टेबल ओढून ठेवायचं, गुणाकार करायचा, पुढे रुपयाचं चिन्ह चिकटवायचं. तीन दिवसांचं काम, डेमोला टाळ्या. खरं काम वेगळंच असतं. रुपयात किंमत ठरवायची, रुपयातच वसूल करायची, परतावा रुपयात द्यायचा, आणि मधल्या काळात डॉलर हलला तर तो फटका कंपनीने सोसायचा. त्याला महिने लागतात आणि फायनान्सवाल्यांची सही लागते. म्हणून मग पहिलंच करतात, आणि सगळी जोखीम सिरसाळ्यातल्या पोराच्या खात्यावर ढकलतात.

आणि ढकलतात ते अशा देशात जिथे आपण एमआरपी वाचत मोठे झालो! बिस्किटाच्या पुड्यावर 'सर्व करांसह' छापलेलं असतं. जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही पाकीटबंद मालाची एमआरपी दाखवावी लागते. रुपयात लिहिलेला आकडा म्हणजे तेवढेच पैसे, ही आपली समजूत बावळटपणा नाहीये. तो शब्द आहे, दुकानदाराने दिलेला.

आमच्या आबांना हे मी सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, आमच्या वेळी बाजारात भाव विचारायच्या आधी विचारायचे, "हाली का कलदार?" बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे चालायचा निजामाचा हाली सिक्का, आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात इंग्रजांचा कलदार. ७ हालीला ६ कलदार. म्हणजे १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. १९४८ ला निजाम गेला तरी हाली लगेच गेला नाही, तो कायमचा बंद झाला १९५९ साली. बैल घेताना भाव कलदारात ठरला आणि हाली मोजायचे असले, तर तो हिशेब सौद्याच्या आधी व्हायचा. हालीत बोलून नंतर कलदार मागणाऱ्याला बाजारात कोणी उभं केलं नसतं, असं आबांचं म्हणणं. आज त्याला यूएक्स म्हणतात.

आमचा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतो, डॉलर दिसला की लोक पळतात. पळतात ना! मग रुपयात घ्या की. स्टीमने नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतात तेच केलं. गेमच्या किमती रुपयात लिहिल्या आणि कापले ते रुपयेच. यावर लगेच कोणीतरी म्हणेल की लोक व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचा स्वस्त भाव लाटतात, आणि काही चलनं अशी कोसळतात की किंमत टिकतच नाही. मान्य. त्याच स्टीमने नोव्हेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि अर्जेंटिनात लिरा आणि पेसो सोडून डॉलर लावला. तिथली गेमर मंडळी भडकली, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण डॉलर लिहिले आणि डॉलर घेतले. मला तेवढंच पाहिजे.

रुपयात घेणं जमत नसेल तर ४९ डॉलर ठळक लिहा, आणि शेजारी लिहा, 'खात्यातून ४,३०० रुपयांपर्यंत कापले जाऊ शकतात.' मार्कअप बँकेगणिक बदलतो, माहितीये मला. म्हणूनच वरचा आकडा लिहा, खालचा नको. करड्या अक्षरांत तर नकोच नको.

ऑफिसात मी याचं तिकीट टाकलं. प्रायॉरिटी 'लो' करून परत आलं, कारण काय तर मोठा आकडा दाखवला की विक्री घटेल. दर स्प्रिंटला मी ते पुन्हा वर काढतो, दर स्प्रिंटला ते खाली जातं.

भावाने पुढच्या खेपेला फी भरली. खात्यात पाच हजार ठेवून बसला होता. "हाली धरून ठेवले होते, दादा," म्हणाला.